ब्रुनो सूड उगवत नाहीये, ताई

"आम्ही इंदिरानगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी सकाळच्या शाळेत शिक्षिका, मिस्टर अंबडला कंपनीत. मुलाने जानेवारीत लॅब्रॅडॉरचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, त्याचं नाव ब्रुनो. मुलगा त्याला सकाळ-संध्याकाळ तासतासभर फिरवायचा. जूनमध्ये तो नोकरीला पुण्याला गेला. आता आमची धावपळ आणि वर पाऊस, त्यामुळे खाली दहा मिनिटं नेऊन आणतो. आता तो नऊ महिन्यांचा आहे. एवढ्यात त्याने तीन जोड चपला, टीव्हीचा रिमोट, सोफ्याचा कोपरा चावून टाकला. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना त्याची धास्ती वाटते, म्हणून शाळेत जाताना मी त्याला मुलाच्या खोलीत कोंडून जाते. त्या खोलीच्या दाराची चौकट त्याने खालून वीतभर सोलून काढली आहे. आणि गेल्या आठवड्यात कहर झाला. सासूबाईंचं कानाचं मशीन चावलं, बत्तीस हजारांचं. नुकसान दाखवलं की मान खाली घालतो, म्हणजे त्याला कळतं, तरी पुन्हा करतो. मिस्टरांनी दोनदा चपलेने मारलं. शेजारच्या काकू म्हणतात, कॅल्शियम कमी असेल. मिस्टर म्हणतात, पिंपळगावला भावाच्या मळ्यात सोडून येऊ. मला ते करवत नाही, पण आता सहनही होत नाही. तो मुद्दाम करतो का? काय करू?"
– एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

ताई,

बाकी सगळं नंतर. मशीन चावलं तेव्हा त्यातली बॅटरी सापडली का? चिवड्यातल्या डाळ्याएवढी असते ती, चपटी, धातूची. सापडली असेल तर पुढे वाचा. नसेल तर हे बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या पशुवैद्यांना फोन लावा. अशी बॅटरी आत अडकून राहिली तर जखम करते, आणि तिच्यातलं जस्त अंगात भिनलं तर विषबाधा होते. एक्स-रेत धातू लख्ख दिसतो, शंका लगेच फिटते. ब्रुनो नीट जेवत असेल, शी रोज होत असेल, उलट्या नसतील, तर बहुधा ती सोफ्याखाली कुठेतरी घरंगळलेली असेल किंवा केव्हाच बाहेर पडून गेली असेल. तरीही खात्री करून घ्या.

आता तुमचा प्रश्न. नाही, तो मुद्दाम करत नाही. मला कोंडून गेल्या ना, मग आता यांची चौकटच सोलतो, म्हणजे दुपारी आल्यावर यांना कळेल, एवढा लांबचा हिशेब कुत्र्याच्या मनात नसतो. पण मग तो मान का घालतो? हे प्रत्येक घरात विचारतात, आणि त्याचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली याच 'अपराधी चेहऱ्या'वरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ खायचा नाही असं बजावून बाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचं की कुत्र्याने खाल्ला किंवा नाही खाल्ला, पण ते सांगणं प्रत्येक वेळी खरं नसायचं. दिसलं ते असं, की कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंधच नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. काहीच न खाल्लेल्या आणि तरी रागावून घेतलेल्या कुत्र्यांचे चेहरे तर जास्तच पडलेले होते.

म्हणजे ब्रुनो मान खाली घालतो ती तुमच्या आवाजाला, कपाळावरच्या आठीला आणि मिस्टरांच्या हातातल्या चपलेला. चावलेल्या वस्तूला नव्हे. सकाळी नऊला चघळलेला रिमोट दुपारी एक वाजता नाकासमोर नाचवला, तर त्याच्या लेखी त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्याला एवढंच कळतं की माणसं घरी आली की कधीकधी फार भयंकर होतात.

मारण्याबद्दल मला तुम्हाला माझंच सांगायचं आहे. खूप वर्षांपूर्वी गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, एक पिल्लू घरी आणलं होतं, ठकी नावाचं. मोजे म्हटलं की ठकीला राहवायचं नाही. तिच्या तोंडात मोजा दिसला की मी ओरडत धावायची, एक-दोनदा हातातल्या वहीने पाठीत मारलंही. त्यातून ठकी शिकली, पण मला हवं होतं ते नाही. माणूस जवळ येतंय म्हणजे तोंडातलं जाणार आणि वर मार बसणार, हे ती शिकली. मग माझी पावलं वाजली की ती मोजा सरळ गिळायला लागली. एक मोजा आतड्यात अडकला. दोन दिवस उलट्या, पोट दगडासारखं, आणि मग ऑपरेशन. ती वाचली, पुढे अकरा वर्षं माझ्याजवळ राहिली. पण टेबलावर झोपवलेल्या ठकीच्या पोटावरचे केस कापताना मी बघत होते, तेव्हापासून कुणाच्या कुत्र्याला कुणी मारलं म्हटलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. मिस्टरांना माझ्या वतीने सांगा, राग येणं मी समजू शकते. मारू नका.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागदाची दोन्ही बाजूंनी वाटणी केली. एकीकडे चपला, रिमोट, सोफा आणि कानाचं मशीन. दुसरीकडे एकटी दाराची चौकट. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि दोघांना एकच औषध दिलं तर एकही बरं होणार नाही.

पहिली बाजू आधी घेते, ती सोपी आहे. आपण नवीन वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून बघतो, कुत्रं ती तोंडात घेऊन बघतं. त्याचा हातच तो. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून दिसेल ते चावलं जातं. ब्रुनो नऊ महिन्यांचा आहे, म्हणजे तो काळ संपला. पण चावणं संपत नाही, ते वेगळं रूप घेतं. आता जबड्यात ताकद आलीय, अंगात पोरगेलेपणाची रग आहे, आणि ती दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत राहील. त्यातून तो लॅब्रॅडॉर. यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना मदत करायचे, पुढे इंग्लंडमध्ये शिकाऱ्याने मारलेलं बदक पाण्यातून तोंडात धरून आणायला यांची पैदास वाढवली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला 'तोंडात धर आणि घेऊन ये' म्हणून निवडलं, त्याने इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तोंड मिटून बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला तोंडात धरायला काहीतरी लागणारच. काय, ते तुम्ही ठरवायचं.

आणि नेमक्या मोलाच्याच वस्तू का, असं वाटत असेल, तर वासाने. चपलेत तुमचा घाम मुरलेला. रिमोट घरातल्या सगळ्यांच्या हातातून फिरलेला, त्याला पोह्यांचा, फरसाणाचा वास, वर बटणं मऊ रबराची. सोफ्याचा कोपरा म्हणजे जिथे मिस्टर रोज हात टेकतात तोच असेल, बघा. कानाच्या मशीनची तर मला अजिबात नवलाई वाटली नाही. त्याला माणसाच्या कानातल्या मळाचा वास असतो. शिवाय बंद न करता काढून ठेवलं तर ते कधीकधी बारीक शिट्टी घालत राहतं. आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. आजींनी दुपारी आडवं होताना मशीन टीपॉयवर ठेवलं असणार, आणि ब्रुनोला ते हाक मारत असल्यासारखं वाजत असणार. नवीन घ्याल तेव्हा बॅटरीचं झाकण उघडून डबीत, आणि डबी खणात.

याच कारणाने, घरोघरी होणारी एक चूक तुम्ही करू नका. 'ही जुनी चप्पल त्याला खेळायला' म्हणून देतात. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे त्याने कसं ओळखायचं? दोन्हींना वास तुमचाच. जुने मोजे, ओढणीच्या गाठी मारलेलं दोरखंड, फाटकी उशी, तेच. त्याच्या वस्तूला घरातल्या कुठल्याच वस्तूची सर येता कामा नये.

मग द्यायचं काय? आत पोकळ असलेलं जाड रबराचं खेळणं पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला सहज मिळेल. त्याच्या जबड्यापेक्षा मोठं घ्या, घशात जाईल असं नको. रात्री त्यात उकडलेला लाल भोपळा आणि भात कालवून भरा, वर चमचाभर बिनसाखरेचं दही लावा आणि फ्रीजरमध्ये टाका. सकाळी निघताना दिलं की चाटून, चावून ते रिकामं करण्यात त्याचा बराच वेळ जातो, आणि चाटण्या-चघळण्याने कुत्रं शांत होतं. गार गाजरही चालतं. शहाळं दिलंत तर समोर बसून द्या, काथ्या गिळायला लागला की काढून घ्या. दुकानात खूर, शिंगं, जाडजूड हाडं टांगलेली असतात, ती घेऊ नका. एक सोपी परीक्षा आहे: अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण उठली तर ठीक. उठली नाही तर दाताचा टवका जाईल, आणि मोडलेल्या दाढेचं दुखणं कुत्रं सांगत नाही, मुकाट सोसतं. मटणाच्या रश्शातली शिजलेली हाडं तर कधीच नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात.

भांड्यातलं खाणं तो किती वेळात संपवतो? मिनिटभरात, मला पैजेवर माहीत आहे. ते भांडं काही दिवस फडताळात ठेवा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, खळग्यांत त्याचे दाणे टाका, वर कागदाचे बोळे कोंबा. किंवा जुनं जाड टॉवेल दाणे पसरून गुंडाळा आणि त्याच्यासमोर ठेवा. (टॉवेल त्याचाच, वेगळ्या जागेवरचा, आणि संपल्यावर उचलायचा.) तेच खाणं मिळवायला तो पंधरा मिनिटं नाकाने राबेल, आणि मग तुम्हाला एक दृश्य दिसेल जे मला अजूनही बघावंसं वाटतं: ट्रे पालथा पडलेला, कागद विखुरलेले, आणि कुत्रं एक मोठा सुस्कारा टाकून तिथेच आडवं झालेलं.

फिरण्याचं बोलायलाच हवं. मुलगा जूनमध्ये गेला तेव्हा घरातून एक माणूस गेलं एवढंच तुम्ही मोजलंत. ब्रुनोच्या दिवसातून दोन तास गेले. दोन तासांची दहा मिनिटं झाली, वर पाऊस. नाशिकचा श्रावण तुम्हाला मी काय सांगू, कोसळत नाही, पण दिवसभर भुरभुरत राहतो, आणि घरात कपडे, माणसं आणि कुत्रं सगळेच दमट. तुम्ही दोन तास काढू शकणार नाही हे मला कळतं. सकाळी पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास काढा, पण त्या वेळात त्याला ओढू नका. पट्टा थोडा लांब घ्या आणि त्याला थांबून हुंगू द्या. एका खांबापाशी तो दोन मिनिटं थांबला तर तुम्हीही थांबा. चालण्याने पाय दमतात, हुंगण्याने डोकं दमतं. पावसाला छत्री आहे, आणि परत आल्यावर पंजे पुसायला टॉवेल आहे.

वस्तूंच्या बाबतीत नियम सोपा: त्याच्या तोंडाच्या उंचीवर जे आहे ते त्याचं, असं धरून चाला. चपलांना दार असलेलं कपाट करून घ्या. रिमोट भिंतीवरच्या खिशात. चार्जरच्या वायरी सोफ्यामागून पट्टीत बसवून घ्या, वायर चावताना बसलेल्या शॉकने पिल्लं दगावतात. आणि श्रावण आहे म्हणून देवघराकडे एकदा बघा. तुपात भिजवलेल्या फुलवाती, कापराची डबी, खाली ठेवलेलं नैवेद्याचं ताट. कपाटातल्या डांबरगोळ्या, डास मारण्याच्या मशीनची बाटली, माणसांच्या गोळ्यांची पाकिटं, सगळं वर. क्रोसिनसारखी साधी पॅरासिटामॉलची गोळीही त्याच्या यकृताला महागात पडते. कांदा-लसूण, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम नको.

आपल्या नाशिककरांनी तर एक गोष्ट पाठच करून ठेवायला हवी. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याला विष आहेत. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नसतो. का होतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं, 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेतही असतं. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा आजींनी मायेने ब्रुनोला भरवू नये. खाल्लाच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने आणखी बिघडतं.

चघळू नये ते तोंडात सापडलं, तर धावू नका. धावलात की त्याच्यासाठी तो पकडापकडीचा खेळ होतो, किंवा ठकीसारखं गिळणं. उकडलेल्या चिकनचा तुकडा घ्या, शांतपणे नाकाशी न्या, 'सोड' म्हणा. तोंड उघडलं की तुकडा द्या, वस्तू उचला, आणि लगेच त्याचं खेळणं त्याला द्या. हे आधी बिनमहत्त्वाच्या वस्तूंवर रोज चार-पाच वेळा करा, म्हणजे खऱ्या वेळी जमेल. तिखट, हिंग, मिरपूड काही फासू नका, डोळ्यानाकाची आग होते. कडू चवीचे फवारे मिळतात, काहींना उपयोग होतो, काही कुत्री ते चाटून पुढे चावतात. सोफ्याच्या कोपऱ्यापुरतं मारून पाहा, भिस्त ठेवू नका.

आता चौकट. इथे मला घाई करायची नाही.

दार, दाराची चौकट, खिडकीचा कठडा, म्हणजे ज्या वाटेने माणूस गेलं ती वाट चावलेली दिसली, की मला पहिली शंका येते ती भीतीची. कंटाळ्याची नाही. जूनपर्यंत ज्या माणसाच्या पायाशी झोपायचा तो माणूस एक दिवस बॅग घेऊन गेला. मग रोज सकाळी त्याच्याच खोलीत, त्याच्याच वासात, दार लावून घेतलं जातं, आणि बाहेरून आजींची पावलं, कुकरची शिट्टी ऐकू येते पण कुणी येत नाही. पाच-सहा तास. ताई, तुम्ही हे क्रूरपणाने केलेलं नाही, आजींच्या काळजीने केलंय. पण आतून ते कसं दिसत असेल, ते तुम्हाला दिसावं म्हणून सांगते.

शंका पक्की करायची तर एखादा जुना मोबाइल पुस्तकांच्या फळीवर टेकवा, व्हिडिओ चालू करा आणि शाळेला निघा. पहिला अर्धा तास पाहायचा. तो थोडा वेळ फिरून झोपला आणि बऱ्याच वेळाने उठून चघळायला काही शोधू लागला, तर कंटाळा आहे, वरचे उपाय पुरतील. पण तुम्ही निघाल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच तो येरझाऱ्या घालत असेल, लाळ गळत असेल, विव्हळत असेल, दार ओरबाडत असेल, ठेवलेल्या खाण्याला तोंडही लावत नसेल, तर तो घाबरलाय. अशा कुत्र्याला आणखी लहान पिंजऱ्यात कोंडलं तर ते सळयांवर दात मोडून घेतं.

भीती असेल तर मग असं करा. कोंडणं आधी बंद. आजींच्या खोलीच्या दाराला कमरेएवढं जाळीचं फाटक बसवून घ्या, सुतार दोन तासांत करून देईल. ब्रुनो हॉलमध्ये, आजी फाटकाच्या आत. त्यांना धक्का लागणार नाही, त्याला माणूस दिसत राहील. आजींना एक वाटी द्या, त्याच्या खाण्यातले मूठभर दाणे घालून. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या, तो शांत उभा असेल तेव्हा एकेक दाणा फाटकाबाहेर टाकायचा. उडी मारली की काही नाही, चारी पाय जमिनीवर असले की दाणा. मी हे एका घरात केलं होतं. तिथल्या आजी पहिल्या दिवशी दाणा इतक्या दूर भिरकवायच्या, की कुत्रं त्यांच्याजवळ येऊच नये. दोन आठवड्यांनी मी गेले तेव्हा त्या फाटकावरून हात काढून त्याचा कान खाजवत होत्या आणि मला म्हणाल्या, "याला दुपारी मी वाचत बसले की झोप लागते."

त्याच्याबरोबरीने जाण्याची सवय लावायची. किल्ली उचला आणि परत ठेवा. पर्स खांद्याला लावा आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा करा. चप्पल घाला, दार उघडा, बाहेर न जाता मिटा. या खुणांचा अर्थ 'आता सगळे जाणार' असा त्याच्या डोक्यात बसलाय, तो आधी पुसायचा. मग दाराबाहेर तीन सेकंद. मग दहा. मग जिना एक मजला उतरून परत. तो अस्वस्थ होण्याआधी तुम्ही आत आलेल्या असल्या पाहिजेत, आणि आल्यावर गाजावाजा करायचा नाही. एखाद्या दिवशी जमलं नाही तर मागे या, पुन्हा दहा सेकंदांपासून. याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर शाळेच्या वेळात आजींची सोबत आहे, मिस्टरांची दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात ते आहेत, सोसायटीत कॉलेजला जाणारं एखादं कुत्र्यांचं वेड असलेलं पोरही असेल. महिनाभर करूनही त्याची लाळ, विव्हळणं तसंच राहिलं तर पशुवैद्यांना व्हिडिओ दाखवा. अशा भीतीवर औषधं आहेत. माणसाची झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

काकूंना सांगा, कॅल्शियमचं नाही. पॅकेटच्या पिल्लांच्या खाण्यात हवं तेवढं असतं, आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरून जास्त दिलं तर हाडं वाकडी वाढू शकतात. तो भिंतीचं पोपडं, माती, खडे खरोखर गिळत असेल तर मात्र शी तपासून घ्या, जंत असतील किंवा रक्त कमी असेल. दवाखान्यात गेलातच तर दुधाचा एखादा सुळा मागे राहिलाय का तेही बघायला सांगा.

आणि मळा. मिस्टरांना वाटतं की तिथे मोकळं रान आहे, हवं ते चावेल. पिंपळगावचा मळा म्हणजे द्राक्षाची बाग, आणि द्राक्षाचं वर सांगितलंच. बागेत फवारणीची औषधं, रिकाम्या बाटल्या असतात. ठिबकच्या नळ्या असतात, त्या चावल्या की दीरसुद्धा चपलाच काढतील. निफाड तालुक्यात उसात बिबटे आहेत आणि मळ्यावरची कुत्री ते उचलतात, हे तुम्हीआम्ही सगळे जाणतो. जन्मापासून मळ्यात वाढलेल्या कुत्र्याला रात्री कुठे बसायचं ते कळतं, सोफ्यावर वाढलेल्या लॅब्रॅडॉरला कळत नाही. प्राण्याला उपाशी-तहानेला सोडून देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण मला तुम्हाला कायद्याचा धाक घालायचा नाही. एकदा माणूस सोडून गेला, त्या भीतीने जो चौकट सोलतोय, त्याला तुम्ही दुसऱ्यांदा सोडणार, एवढंच मला बोचतंय. सगळं करूनही आजींच्या तब्येतीला झेपलं नाही तर त्याला नवं घर शोधू, बघून-सवरून, ज्या घरात दिवसभर कुणी आहे असं. त्यात कमीपणा काही नाही, आणि तेव्हा मला लिहा. पण ते आज नको.

एक राहिलं. दिवाळीला मुलगा येईल. ब्रुनो वेडा होईल, चार दिवस घर हलवून सोडेल. मुलाला आधीच फोनवर सांगून ठेवा, की निघायच्या दिवशी दारात मिठ्या, रडणं, 'बाय बाय ब्रुनो' काही करायचं नाही. तुम्ही ब्रुनोला फिरायला घेऊन जा, आणि तेवढ्या वेळात त्याने शांतपणे निघावं. सुट्टीच्या दिवसांतही त्याने रोज थोडा वेळ ब्रुनोशिवाय बाहेर जाऊन यावं. फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही मोठ्याने चालू ठेवा, घाबरलेलं कुत्रं तेव्हाही दार कुरतडतं. आणि भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात चपलांचं कपाट नीट लागलंय ना, ते झोपताना एकदा बघत जा.